पुण्याहून गोव्याला सागरी मार्गाने सहा दिवसांत? आधी खाड्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचं. सोबत आई-बाबा, त्यात बाबांचे गुडघे दुखरे, आणि सात वर्षांची मुलगी. गाडी लहान हॅचबॅक. जाऊन-येऊन हातात सहा दिवस. नकाशा सहाशेच्या आतबाहेर किलोमीटर दाखवतो, म्हणून जाताना दोन मुक्काम पुरतील असा तुमचा हिशोब आहे. शिवाय जंगल जेटीवर, म्हणजे खाडी ओलांडायला गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवायची धास्ती वाटते.

धास्ती सोडवण्यासारखी आहे. हिशोब मात्र चुकलाय, म्हणून आधी तो.

'सागरी महामार्ग' या नावामुळे बहुतेकांची फसगत होते. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०-८२ पासून, रेवस ते रेडी असा सलग किनारी रस्ता बोलला जातोय. प्रत्यक्षात अजूनही तो तुकड्यातुकड्यांचा आहे. मधे खाड्या येतात. काहींवर पूल आहेत, काहींवर नाहीत. अलिबागकडून दक्षिणेला निघालं तर गाडी बोटीतून न्यावी लागते अशा चार जागा: आगरदांडा ते दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला ते वेसवी (सावित्री), दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ ते जयगड (शास्त्री). रत्नागिरीच्या खाली भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असे पूल आहेत, त्यामुळे तिथे बोट लागत नाही. गोव्याच्या हद्दीवर तेरेखोलला पुन्हा बोट आहे, पण आरोंदा-किरणपाणी पुलाने ती टाळता येते.

बोटीचा प्रवास दहा ते वीस मिनिटांचा. वेळ जातो तो थांबण्यात. बोट नुकतीच सुटली असेल तर पाऊण-एक तास, आणि २५ ते ३१ डिसेंबरला रांग असेल तर दोन-तीन तासही. नकाशावरचं ॲप ही रांग धरत नाही. वर कोकणातल्या किनारी रस्त्यावर सरासरी ताशी पंचवीस किलोमीटरच पडते. रस्ता वाईट असतो म्हणून नव्हे, तर दर दोन-तीन किलोमीटरवर वाडी, वळण, चढ, समोरून एसटी, आणि रस्त्याच्या निम्म्यात वाळत घातलेली मासळी असते म्हणून. पन्नास किलोमीटर म्हणजे दोन तास, हे डोक्यात पक्कं करा.

म्हणून मी दिवस आखताना खाड्या मोजतो. घरात म्हातारं माणूस आणि मूल असेल तर दिवसाला एक बोट. दोन बोटी तरण्या मंडळींना, तेही सकाळी सातला निघायची तयारी असेल तर. तुमच्या सहा दिवसांतला शेवटचा परतीला जाणार. उरलेल्या पाचात तीन खाड्या नीट बसतात. गोवा बसत नाही. बसवलात तर गाडीच्या काचेतून किनारा पाहाल आणि आई-बाबा मागच्या सीटवर कंटाळतील.

तुम्ही पुण्याहून येताय ही जमेची बाजू. ताम्हिणी उतरून माणगावला आलात की अलिबाग-मुरूड आणि आगरदांड्याची बोट आपोआप टळते. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडी नेऊन तिथून सुरुवात करावी, तुम्हाला त्याची गरज नाही. जंजिरा चुकेल, पण बाबांच्या गुडघ्यांसाठी तो तसाही नाहीच. किल्ल्याच्या दारात हलत्या होडीतून पायऱ्यांवर पाऊल टाकावं लागतं, आणि ते पाऊल चुकून चालत नाही.

आता मार्ग. पहिला दिवस: पुणे, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. एकशेसाठ-सत्तर किलोमीटर, थांबे धरून पाच तास. पहाटे पाचला निघा. ताम्हिणीत ऊन चढायच्या आधी उतरण होते आणि माणगावच्या बाजारपेठेतली कोंडी लागत नाही. शनिवारी सकाळी नऊनंतर माणगावात शिरलात तर तासभर तिथेच. मुलीला वळणं लागत असतील तर सकाळी दूध देऊ नका, कोरडं काहीतरी द्या. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा तास आधी.

दुसरा दिवस सगळ्यात देखणा. दिवेआगरहून श्रीवर्धनला बोर्लीवरून आतल्या रस्त्याने जाऊ नका. शेखाडी, कोंडिवली, आरावीवरून समुद्राला चिकटून जा. रस्ता अरुंद आहे, पण सकाळी आठच्या आत वाहनं कमी असतात. पुढे हरिहरेश्वर. देवळात जा, पण मागची समुद्राकडची प्रदक्षिणा बाबांनी करू नये. उभ्या अरुंद पायऱ्या उतरून खडकांवरून चालायचं असतं. बाकीच्यांनी करायची तर ओहोटीलाच. भरती चढत असताना तिथल्या खडकांवरून माणसं लाटेने ओढली गेली आहेत, आणि लाट येईपर्यंत जागा निवांत दिसते हाच तिचा धोका. तिथून सहा-सात किलोमीटरवर बागमांडला, बोटीने वेसवी. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, आणि मुक्काम मुरूड किंवा कर्दे. (हे दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. खोली आरक्षित करताना तालुका वाचा. ही चूक दर हंगामात कोणीतरी करतंच.) वेसवी ते हर्णै अंतर कमी दिसतं, पण अडीच तास धरा.

तिसरा दिवस हलू नका. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी देवळापर्यंत जाते, त्यामुळे बाबांना जमेल. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो. तिथे घसरडं असतं, पायात पकड असलेली चप्पल हवी, आणि बाबांना धक्क्याच्या वर उभं करा. सुवर्णदुर्गाला होडीने जाता येतं, पण उतरताना बहुतेक वेळा गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. तरुणांनी जावं.

चौथा दिवस: दापोली, दाभोळ, बोटीने धोपावे, गुहागर. दापोली-दाभोळ तीसेक किलोमीटर. मुक्काम गुहागरला. पाचवा: वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. हेदवीला दशभुज गणेशाच्या देवळापर्यंत गाडी जाते. जवळच बामणघळ आहे, खडकातली चीर. भरतीचं पाणी तिच्यातून कारंज्यासारखं उसळतं. बघायची भरतीलाच, पण लांबून. ओला खडक जिथे सुरू होतो तिथे थांबायचं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, वीस मिनिटं पुरतात.

सहावा दिवस परतीचा: आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीकडे, मग हातखंबा, आंबा घाट, मलकापूर, कराड, पुणे. नऊ तास धरा. किंवा हातखंब्याहून महामार्गाने चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज. दोन्हीत फार फरक नाही. आदल्या रात्री घाटाची बातमी विचारा, कारण रुंदीकरणाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी अडेल सांगता येत नाही.

गोवा हवाच असेल तर उत्तर कोकण सोडा. थेट रत्नागिरीला उतरा आणि पावस, आडिवरे, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला असा खालचा अर्धा भाग करा. त्यात एकही जंगल जेटी लागत नाही, परत यायला आंबोली घाट आहे. सहा दिवसांत तेही आरामात होतं. दोन्ही अर्धे एका दमात करू नका एवढंच माझं म्हणणं.

आता तुमची धास्ती. जंगल जेटीचा जंगलाशी संबंध नाही. गाड्या वाहणारी सपाट तळाची बोट ती. दाभोळची सेवा २००३ पासून चालू आहे, ट्रक आणि एसटीच्या आकाराची वाहनं रोज जातात, त्यामुळे तुमच्या हॅचबॅकने बोटीला काही होणार नाही. हॅचबॅकला काय होईल, हे भरती-ओहोटीवर अवलंबून.

बोट धक्क्याच्या उतारावर आपली फळी टाकते. भरतीला पाणी वर असतं, फळी जवळजवळ आडवी पडते, गाडी सरळ आत जाते. ओहोटीला बोट खाली जाते, उतार लांब आणि तीव्र होतो, त्याचा खालचा भाग शेवाळलेला असतो आणि उतार-फळी जिथे मिळतात तिथे खोलगट कोन होतो. त्या कोनात लहान गाडीचा पुढचा बंपर किंवा मागचं सायलेन्सर घासतं. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर गाडी अजून दोन बोटं खाली बसलेली असते. घासण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा. घरातल्या दिनदर्शिकेत चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि रात्रीही. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊला. एकादशी असेल तर सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी पाच-सव्वापाचला येते. ते उधाणाचे दिवस, भरती जास्त आणि ओहोटीही जास्त खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा कुठल्याही बोटीने जा.

यातून एक पेच निघतो. गर्दी टाळायची तर सकाळची पहिली-दुसरी बोट उत्तम. पण पौर्णिमा-अमावास्येला साडेसहाची बोट म्हणजे ओहोटीचा तळ नुकताच सुटलेला. अशा दिवशी तुमच्यासारख्या बसक्या गाडीने साडेआठ-नऊची बोट धरावी आणि थोडी रांग सोसावी. संध्याकाळी पाचची बोट तर त्या दिवशी दोन्ही बाजूंनी वाईट: उतार तीव्र आणि गर्दीही.

बोटीवर चढतानाचा क्रम असा ठेवा. रांगेत गाडी लावली की एकाने उतरून तिकीट काढावं. गाडीचं आणि माणसांचं वेगळं असतं. रोख आणि सुटे पैसे हवेत. धक्क्यावर मोबाइलला रेंज नसते तेव्हा फोनवरून पैसे देणारे रांग अडवून बसतात. मग चालक सोडून सगळ्यांना उतरवा. गाडी हलकी होते हे एक. दुसरं म्हणजे आत गाड्या इतक्या खेटून लावतात की नंतर दार उघडत नाही, आणि बाबा आत अडकतील. त्यांना गाडीच्या आधी चालत आत जाऊ द्या, काठी किंवा हात धरून, उताराच्या कोरड्या बाजूने.

खलाशी हात करेपर्यंत उतारावर गाडी आणू नका, वर सपाटीवरच थांबा. उतारावर अर्धवट थांबलात की क्लच जळतो आणि शेवाळावर चाक फिरतं. बोलावल्यावर पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ वेगाने, ब्रेकला हलकेच पाय ठेवून उतरा. ओल्या उतारावर जोरात ब्रेक मारला तर गाडी घसरत फळीवर जाते. काही बोटींवर गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ बाहेर काढता येते. तेव्हा आरशात बघून स्वतःचं डोकं चालवू नका. समोर उभ्या खलाशाच्या हाताकडे बघा आणि तो सांगेल तेवढंच स्टिअरिंग फिरवा. त्याचं रोजचं काम आहे. रिव्हर्सची भीतीच असेल तर तसं त्याला आधी सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, ते सोयीची जागा देतात.

जागेवर लागल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण, गिअरमध्ये गाडी, आरसे मिटलेले. चोरघंटा असेल तर ती बंद ठेवा. बोटीच्या इंजिनाच्या थरथरीने ती वाजत राहते आणि अख्खी बोट तुमच्याकडे बघते. वरच्या मजल्याचा जिना शिडीसारखा उभा असतो, आई-बाबांनी खालीच बसावं. मुलीचा हात कठड्याशी सोडू नका. उतरतानाही तोच क्रम: आधी माणसं, मग गाडी, आणि पलीकडे चढ असेल तर समोरची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय सुरुवात करू नका.

बोट चालू नसेल तर? क्वचित होतं: बिघाड, वादळी वारा, कधी धक्क्याचं काम. म्हणून प्रत्येक खाडीचा वळसा माहीत हवा. सावित्रीवर म्हसळ्याकडून आंबेत-म्हाप्रळ पुलाने मंडणगड गाठता येतं, पण तो पूल याआधी दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, आदल्या दिवशी स्थानिकांना विचारा. दाभोळ चुकलं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर. शंभरावर किलोमीटर आणि साडेतीन तास. तवसाळ चुकलं तर आबलोलीवरून भातगाव पूल, जाकादेवी, आणि गणपतीपुळे. हा वळसा त्यातल्या त्यात सोपा. शेवटची बोट रात्री नऊ-दहाची असते असं सांगतात आणि बहुधा असतेही. तरी तुमचा आराखडा संध्याकाळी पाचनंतर बोटच नाही असं समजून करा. कारण बोट मिळाली तरी पलीकडे उतरल्यावर अंधार, दिवे नसलेला रस्ता आणि रस्त्यावर बसलेली गुरं असतात.

राहण्याबद्दल. दिवेआगर, मुरूड, गुहागर, मालगुंड या सगळीकडे घरगुती सोय आहे आणि तुमच्या घरच्यांना तीच बरी. डिसेंबर अखेरसाठी दोन महिने आधी बोला. फोनवर तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि अंगणात गाडी वळते का. जेवणाची वेळ आणि माणसं आदल्या दिवशी सांगा. तिथे माणसं मोजून भात टाकतात, आयत्या वेळी पोहोचलात तर पोहे मिळतील. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आधीच. आठवड्याच्या मधल्या दिवसांत प्रवासाची लवचीकता असेल तर मंगळवार-बुधवारी बोटींचे टप्पे ठेवा. मात्र त्यातल्या मंगळवारी संकष्टी, म्हणजे अंगारकी, आली तर त्या दिवशी गणपतीपुळ्याच्या आसपास फिरकू नका. तुमचा पाचवा दिवस तोच निघाला तर सगळा आराखडा एक दिवस मागे-पुढे करा.

इंधन निम्म्यावर आलं की दिसेल त्या पंपावर भरा: श्रीवर्धन, दापोली, गुहागरच्या आधी शृंगारतळी. गाडी सीएनजीची असेल तर टाकीत पेट्रोल पुरेसं ठेवा, किनाऱ्यावर गॅसच्या भरवशावर राहू नका. नकाशाचं ॲप वाड्यांमधून 'जवळचा रस्ता' सुचवतं. तो कधी कधी पाखाडी निघतो, पायऱ्यांची. एसटी जिथून जाते तोच रस्ता धरा, शंका आली तर थांब्यावर विचारा.

आणि गाडी वाळूत घालू नका, कर्द्याला सगळे घालत असले तरी. ओहोटीला वाळू टणक दिसते, चाक फिरलं की खालची ओली वाळू सुटते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती पोहोचते. खाऱ्या पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग सहा महिन्यांनी बोलायला लागतं. नुसत्या बोटीच्या प्रवासानेही तळाला खार बसतोच, म्हणून पुण्याला पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी वॉशिंगला द्या आणि खालून गोड्या पाण्याने धुवायला सांगा.

तुमच्या नक्की तारखा ठरल्या की त्या दिवसांच्या तिथ्या इथे लिहा. बागमांडला, दाभोळ आणि तवसाळ, तिन्हीकडे कितीची बोट धरायची ते सांगतो.